कोपरा फाटलेलं पत्र

दुबई
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या मुरलीचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत डावा जास्त धरायचा, की आता उजव्यानंही त्याच्याशी एकी केली? कानात तेल घालायचं बंद केलंस का? डॉक्टर नको म्हणाले होते, म्हणजे तू घालतच असशील. शेजारच्या अवनीची बारावी जवळ आली, तिचा अभ्यास कुठवर आला? तिच्या आजीचा दमा? मोत्याचा सुजलेला पाय उतरला का, की अजून तीन पायांवरच भुंकतोय? आणि पत्रावळी लावायला हल्ली कोण कोण येतं? सगळ्यांची एकेक ओळ लिही. ‘सर्व ठीक’ म्हणून गुंडाळू नकोस. मला इथं बसून एकेकाचं तोंड आठवायचं असतं.

इकडे माझी शुगर सध्या शहाण्यासारखी वागते. अर्चना ऑफिसला जाते ती दिवेलागणीला येते, तिची मान धरलेली असते पण विचारलं की म्हणते, “काही नाही हो बाबा, वर्कलोड.” नातू देवांश अकरा वर्षांचा झाला. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. आमचं दोघांचं बरं चाललंय.

माझी शालन गेल्यापासून दुपार खायला उठते, हे तुला माहीत आहे. म्हणून एक उद्योग धरलाय. हसू नकोस. ऊद मेथा भागात आपल्या लोकांचा हॉल आहे, तिथं मंगळवारी मिचिकोबाई म्हणून एक जपानी बाई येतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना कागद फाडायला शिकवतात. खरंच. त्यांच्याकडे ही जुनी कला आहे, चिगिरी-ए म्हणतात. रंग नाही, ब्रश नाही, कात्री तर वर्ज्यच. रंगीत कागद हातानं फाडायचा आणि तुकडे खळीनं चिकटवून चित्र उभं करायचं. त्यांचा कागद वेगळा असतो, आत लांब लांब तंतू. पाण्याची ओली रेघ ओढायची आणि हळूच ओढलं की कडेला मांजराच्या मिशीसारखी लव सुटते. ती लव शेजारच्या रंगात मिसळते. ढग, धुकं, पाणी काय दिसतं म्हणून सांगू! बाई सारख्या म्हणतात, “युक्कुरी, युक्कुरी.” म्हणजे हळू, सावकाश. अख्खी दुबई यल्ला यल्ला करत धावते आणि ही बाई एकटी युक्कुरी म्हणते.

इथल्या देरा भागातल्या ऑफिसात तीस वर्षं माल उतरवून घेतला, पेट्यांवरची अक्षरं वाचून वाचून इंग्रजी शिकलो, कधी गुरू केला नाही. आता एकाहत्तराव्या वर्षी केला, तो कागद फाडायला.

गणूशी तुझं बोलणं होतच असेल. त्याच्या कारखान्याचं मुसफ्फा इथून दोन तासांवर, पण त्याची सुट्टी आणि माझं अंग एका दिवशी जुळत नाही. भाच्याला चार महिन्यांत भेटलो नाही, मामाला शोभत नाही हे. जाईन.

लवकर लिही.

तुझा,
मुरली


आजरा
२९ जानेवारी

चि. मुरलीस,
द्वारकाक्काचे अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथंच आहेत. तेल घालते. अवनी रात्री जागते, सकाळी पेंगते. तिच्या आजीचा दमा हवेप्रमाणे. मोत्या चारी पायांवर आला आणि पहिल्या दिवशी पोस्टमनला धरलं. पत्रावळीला आता आम्ही तिघीच. झालं सगळ्यांचं?

तू तुझं ते चिगिरी का चिरगुट कर हो, कागद फाड नाहीतर कलिंगड फाड, माझी हरकत नाही. शालनच्या मागं हात रिकामे ठेवू नकोस. पण माझं एक काम कर.

गणू मला दर रविवारी अवनीच्या फोनवर तोंड दाखवायचा. मला ऐकू येत नाही, पण त्याचे ओठ बघून कळायचं. जेवणाचं ताट फोनसमोर धरायचा, “आई, बघ, आमटी!” नोव्हेंबर संपताना तोंड दाखवायचं बंद झालं. आता नुसतं लिहून येतं. ‘मी मजेत आहे.’ अवनीनं विचारलं व्हिडिओ का नाही, तर आधी म्हणाला ते ॲप तिथं बंद पडलं. मग म्हणाला रात्रपाळी आहे. मग म्हणाला कॅमेरा फुटला. मुरली, तीन कारणं सांगणाऱ्यापाशी चौथं एक खरं असतं.

छत्तीस वर्षांचा घोडा झाला, लग्न कर म्हटलं की फोन ठेवायचा, ते मी समजू शकते. पण हे ते नव्हे.

तू जा. डोळ्यांनी बघ, हातानं चाचपून बघ. आणि जसं असेल तसं लिही. गोड लागेलसं नको. तुझी ती सवय लहानपणापासूनची आहे, कप फुटला तरी सांगायचास की कान तेवढा निघालाय.

सुतारांची सून परवा दुबईला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. टपालाची वाट बघायला मला सवड नाही.

द्वारकाक्का


दुबई
२४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सहा तारखेला हातात पडलं आणि नऊला, रविवारी, मी बस धरली. त्यानंतरचे दोन रविवारही गेलो. म्हणजे बघ, तीन वेळा भेटून मगच लिहितोय, वरवरचं नव्हे.

गणू बरा आहे. थोडा वाळलाय, पण इथं सगळेच वाळतात, हवाच तशी. त्याची ड्युटी बदलली. आता मशिनवर नसतो, गेटवर बसतो. बसून काम, सावलीत. कॅमेरा खरंच फुटलाय, मी स्वतः बघितला. त्याच्या खोलीत मोहिद्दीन म्हणून रत्नागिरीकडचा एक भला माणूस आहे, तो त्याला भावासारखा बघतो. तेव्हा तू दोन घास नीट जेव.

त्याला तिथं करमत नाही एवढं खरं. म्हणून मी माझं कागदाचं दप्तर नेलं. तो म्हणाला, “मामा, मुसफ्फात सगळं जग पत्रा कापतंय, आणि तुमी कागद फाडायला शिकवाय आलासा?” म्हटलं, बस गप, युक्कुरी. पहिल्या रविवारी त्यानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या रविवारी मी पाण्याची रेघ ओढून दिली, त्यानं फाडलं. मोहिद्दीन डोकावून म्हणाला, “ये क्या है, मगरमच्छ?” गणू म्हणाला, “नदी है रे, हमारे गाँव की.” आणि अक्का, तो हसला.

तीच नदी तुला पाठवतोय. आपली हिरण्यकेशी, संध्याकाळची. निळा आणि राखाडी कागद मिचिकोबाईंनी दिलेला आहे, तांबूस मोहिद्दीनच्या चहाच्या पुड्याचा. सगळे तुकडे गणूनं स्वतः फाडलेत, स्वतः चिकटवलेत. मी फक्त खळ केली. त्याला पत्र लिहायला सवड होत नाही, तेव्हा हेच त्याचं पत्र समज.

कात्री लावायची नाही हा आमचा नियम, म्हणून हे पत्रही हातानंच फाडलेल्या जपानी कागदावर लिहितोय. वरचा कोपरा जरा जास्तच गेला, चालवून घे.

काळजी करू नकोस. उत्तर लवकर दे.

मुरली


आजरा
१६ मार्च

चि. मुरलीस आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला, पण आधी दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

चाळीस वर्षं वाळवंटात राहून तुझी अक्कलही वाळली काय रे? कोपरा फाटका कागद आपल्याकडं कधी येतो, विसरलास? आपले आबा गेले तेव्हा तुला निपाणीला कार्ड कुणी लिहिलं होतं? मीच ना? आणि पोस्टात टाकायच्या आधी त्याचा कोपरा फाडला होता ना? कोपरा बघूनच माणसानं ओळखायचं, उंबऱ्याच्या बाहेर वाचायचं, वाचून तिथंच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं.

परवा पोस्टमननं पाकीट दिलं. दुबईचं तिकीट, तुझं अक्षर. मी पायरीवरच उघडलं आणि आधी हाताला लागला तो फाटका कोपरा. मग मी वाचलं नाही. कशाला वाचायचं? कोण गेलं हे विचारायला माझं तिकडं आहे तरी कोण, तू आणि तो. तुझं तर अक्षर होतं समोर.

कागद पायरीवर टाकला. नळाखाली बसले आणि नेसत्या लुगड्यावर बादली ओतली. दुसरी ओतली. तिसरी भरत होते तेव्हा अवनी क्लासहून आली. तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, मी नुसतं बोट दाखवलं. पोरीनं कागद उचलून वाचला आणि माझ्या कानात तोंड घालून ओरडली, “गणूदादा बरा हाय, आजी! नदी केलीया त्यानं, नदी!” मी म्हटलं, परत वाच. तिनं तीनदा वाचलं. शेजारीपाजारी गोळा झाले. ओल्या लुगड्यात थरथरत मी सगळ्यांना तुझी जपानी नदी दाखवत होते. अवनीच्या आजीचा दमा हसून हसून उठला. मला हसू आलं नाही.

आता राग उतरलाय. नदी चांगली झाली आहे. वळणावरचा खडकसुद्धा घातलाय त्यानं, ज्याच्यावर बसून पेरू खायचा. चित्र तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे, स्वयंपाक करताना समोर असतं.

पुढच्या वेळी कात्री लाव. जपान्यांना सांगू नकोस.

द्वारकाक्का

ता. क. १८ मार्च. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, परत उघडलं.

काल ऊन चांगलं होतं म्हणून चित्र अंगणात नेलं. माझे कान गेलेत मुरली, डोळे गेले नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या एका कडेला दोन बारीक खोलगट खुणा आहेत, मध्ये बोटाच्या नखाएवढी मोकळी जागा. पाण्याच्या तुकड्यांना आहेत, ढगाला आहेत, खडकाला आहेत. आधी वाटलं कागदाला कसर लागली. मग बोट फिरवलं.

गणूच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ही खूण मी पेरूवर बघितली आहे, भाकरीवर बघितली आहे, लहान असताना माझ्या दंडावरसुद्धा बघितली आहे. चित्र त्याचंच, यात शंका नाही. पण दोन्ही हात धड असताना माणूस कागद दातांत धरत नाही. मी तीस वर्षं पत्रावळी लावल्या. एका हातानं धरायचं असतं आणि एका हातानं ओढायचं असतं. त्याच्यापाशी ओढायचा हात आहे. धरायचा नाही.

मी तुला खरं लिही म्हटलं होतं. कप फुटलाय, आणि तू कान तेवढा निघालाय म्हणतोस.

कुठला हात?


दुबई
२ एप्रिल

अक्का,

उजवा.

नमस्कार लिहायचा राहिला, माफ कर. चार वेळा पत्र सुरू केलं आणि चारही वेळा नमस्कारानंतर गोड काहीतरी सुचायला लागलं. म्हणून या वेळी आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं.

नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला पत्रा कापायच्या मशिनात त्याचा हातमोजा अडकला. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अर्धा तळवा गेला, अंगठा राहिलाय पण त्यात ताकद नाही. वीस दिवस हॉस्पिटलात होता. जखम भरली आहे, पट्टी अजून असते. इलाजात कसर राहिली नाही, हे मी डॉक्टरांना भेटून विचारून घेतलं. हे सगळं मला नऊ फेब्रुवारीला कळलं आणि तुला मी चोवीसला ‘बरा आहे’ लिहिलं. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटतंच. ते तुझ्या अंगणात, माझ्याच पाठवलेल्या कागदावर फुटलं. तीन रविवार मी त्याच्यासमोर बसलो होतो. तो कागद दातांत धरून डाव्या हातानं ओढायचा, मी बघत होतो. ओल्या कागदावर दाताची खूण बसते आणि वाळली की पक्की होते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

खोटं का लिहिलं ते ऐक.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, हात उशीखाली. मी हाक मारली तर वळला नाही. मोहिद्दीन मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, “चाचा, हा मेसमध्ये जेवायला येत नाही. चौघांत डाव्या हातानं कसं जेवायचं म्हणतो. मी ताट खोलीत आणतो, ते तसंच परत जातं. मला रात्री याच्याकडे बघत झोपावं लागतं.” ते शेवटचं वाक्य त्यानं खाली बघून म्हटलं. मी समजलो.

आत आलो. गणूला म्हटलं, आईला कळवतो. तसा तो उठून बसला. म्हणाला, “मामा, हात खलास. ते मी सोसतोय. पण आईला सांगाल तर तुमचं माझं तोंड पुन्हा दिसायचं न्हाई.” म्हटलं, अरे, आई आहे ती, तिला नाही सांगायचं तर कुणाला? तेव्हा तो जे बोलला ते लिहायला माझा हात होत नाही, पण तुला खरं हवं आहे.

“आईच म्हनायची न्हवं, सकाळी थोट्याचं तोंड बघितलं की दिवस वाया जातो. म्हादू पानाचा भारा घिऊन यायचा तवा ती आत ऱ्हायाची आन् मला पाठवायची. तिचा चा झाल्याबिगर ती भाईर यायची न्हाई. मी रोज बघितलंय, मामा. आता मी घरी गेलो तर रोज सकाळी तिनं कुणाचं तोंड बघायचं?”

दप्तरात कागद होते ते काढून बसलो. माझ्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

त्याला तुला न सांगण्याचं वचन दिलं होतं, ते आज मोडतोय. रविवारी त्याला तुझी ता. क. वाचून दाखवली. दातांच्या फटीचं आलं तेव्हा त्यानं जीभ दातांवर फिरवली, आणि मग बराच वेळ पांघरुणात तोंड घालून बसला. रडला की काय माहीत नाही. मला म्हणाला, “सांगा आता. काय ऱ्हायलं?”

परवा ईदचा दुसरा दिवस होता. मोहिद्दीननं त्याला बळेच सगळ्यांत नेऊन बसवलं, शीरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि चमचा डाव्या हातात दिला. तो कचरला. मोहिद्दीन म्हणाला, “खा रे. ऊपरवाले को मालूम है तेरे पास एक ही है.” वाटी संपवली त्यानं. मला हे फोनवर कळलं आणि मी रस्त्यातच थांबलो.

कंपनी मे महिन्यात घरचं तिकीट काढून देते म्हणते, नाहीतर गेटची नोकरी आहे. तो म्हणतो घरी जाणार नाही. कधीच नाही. मी पुष्कळ समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. थोट्याच्या तोंडाचं ते वाक्य माझं नव्हतं अक्का, म्हणून ते मागं घेणं माझ्या हाती नाही.

तू रागावली असशील. रागाव. पण त्याला लिही. मला नको, त्याला लिही, आणि लवकर. मी पुढच्या पत्रासाठी रोज अर्चनाला ऑफिसच्या टपालपेटीत बघायला सांगतो.

तुझा,
मुरली


आजरा
१९ एप्रिल

चि. गणूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हात ठणकतो का? पट्टी कोण बदलतं? रात्री झोप लागते का? मोहिद्दीनच्या आईवडिलांचं काय चाललंय ते विचारून लिही, मला त्यांचे पाय धरायचे आहेत. मामाची शुगर या सगळ्यात वाढली असेल, तो सांगायचा नाही, तू विचार.

तू खोटं कळवलंस त्याचा मला राग नाही. मामाचाही उतरला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर कुणाला सांगायचं?

थोट्याचं ते बोलणं माझं नव्हे, असं मी म्हणणार नाही. माझ्या सासूचं होतं, तिच्या सासूचं होतं. पण तुझ्या कानात गेलं ते माझ्या तोंडातून. तू सात वर्षांचा होतास आणि मी तुला पानांचा भारा घ्यायला दाराबाहेर ढकलायची. तुला वाईट दिवस लागला तर चालेल, मला लागू नये, असंच झालं ना ते? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मामाचं पत्र वाचून झाल्यावर आलं. तेव्हापासून जात नाही.

म्हादू अजून आहे. मळ्याकडच्या घरात पोराजवळ असतो. सोमवारी पहाटे उठले, तोंड धुतलं आणि अवनीला सोबत घेऊन निघाले. तो दारात राखुंडी लावत बसला होता. मला बघून घाबरला. अवनी मला त्याचं बोलणं हातवारे करून सांगत होती, पण त्याचे ओठ मला बरेचसे कळतात.

“कोन, द्वारकावैनी? एवढ्या पहाटे? कोन गेलं?”

म्हटलं, “कुणी नाही. तुझं तोंड बघायला आले.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. राखुंडी थुंकली. म्हणाला, “चा घिऊन आलासा, का तशाच?”

गणू, त्याला सगळं ठाऊक होतं. तीस वर्षं तो भारा घेऊन दारात उभा राहायचा आणि आत माझा चहा उकळतोय, तो कशासाठी, ते त्याला ठाऊक होतं. भारा कधी कमी आणला नाही, पान कधी किडकं दिलं नाही.

मी म्हटलं, “तशीच आले.” आणि त्याच्या पायरीवर बसले. तो हसला. म्हणाला, “मग आज बरा दिस जातोय का बघा, आन् मला सांगा.” सूनबाईला हाक मारून चहा करायला लावला.

तुझं सांगितलं. त्यानं विचारलं, कुठला? उजवा म्हटलं. म्हणाला, “माझाबी उजवाच.” दातानं कागद धरतो म्हटल्यावर मात्र त्यानं कपाळाला हात लावला. तोंड उघडून दाखवलं, पुढचे दात नाहीतच. दोरी धरून धरून गेले म्हणे. “त्याला म्हनावं, दात ऱ्हाऊ दे, बायकू करायची हाय अजून. गुडघ्यात धर. न्हाईतर पायाच्या अंगठ्याखाली.” मग माझ्यासमोर एका हातानं गाठ मारून दाखवली. दोरी गुडघ्याखाली दाबायची, डाव्या हाताच्या दोन बोटांवर वेढा घ्यायचा आणि मधून ओढायची. अवनीनं त्याचा व्हिडिओ काढलाय, तो तुला पाठवला आहे. उघडून बघ. बुटाची नाडी तशीच बांधता येईल असं तो म्हणतो.

दिवस कसा गेला, विचारशील. घरी आले तर मोत्यानं अवनीच्या आजीची चप्पल खाल्ली होती, आणि दुपारी गॅस संपला. रोज जातो तसाच गेला. म्हादूला जाऊन सांगितलं तर म्हणाला, “म्हंजे माझा काय इलाज न्हाई त्यात.”

आता तुझं. मे महिन्यात यायचं की तिथं गेटवर राहायचं, ते तू ठरव. मी ये म्हणणार नाही आणि नको ये असंही म्हणणार नाही. तुझा हात गेलाय, तेव्हा तुझं तू ठरवायचंस. लोक थोट्या म्हणतील, गणू. म्हणतीलच. मीच म्हणत होते, तर लोकांना काय सांगू? त्यांच्या तोंडावर पदर घालता येणार नाही. माझं एवढं मी बघेन.

पण मला तोंड दाखव. रविवारची वाट बघू नकोस. तुझे साडेचार वाजतात तेव्हा इथं सहा होतात, तू कामाच्या बसला निघायच्या आधी उठलेलाच असतोस. अवनी सहाला फोन घेऊन येईन म्हणाली आहे, नवीन ॲप तिनं घातलंय. मी उठून तशीच बसेन, गॅस पेटवणार नाही. आधी तू दिसायचास, मग चहा. रोज. कॅमेरा फुटला असला तर मोहिद्दीनचा माग. आणि हात उशीखाली घालू नकोस, सगळा बघायचा आहे मला.

हातात पेन धरता येत नसेल हे मला कळतं. डाव्या हातानं ओळ वाकडी जाईल, अक्षर कोंबडीच्या पायासारखं येईल. तसंच येऊ दे. पहिलीत होतास तेव्हाही तसंच होतं आणि मी ते वाचलं होतं. चार शब्द लिही, दोन लिही, पण तुझ्या हातचं लिही. लवकर. मी पोस्टमनला सांगून ठेवलंय.

तुझी,
आई